टीव्हीतलं शहर, बाजारातला बोंडा

काळीमाती (राळेगाव तालुका, यवतमाळ)

आमच्या गावात हिंदमाता सगळ्यांना माहीत आहे. मिलन सबवेही. जुलैत मुंबईत जोराचा पाऊस झाला की मराठी वृत्तवाहिन्या त्याच दोन ठिकाणी कॅमेरा लावून बसतात, आणि इकडे पराटीत (कापसाच्या पिकात) डवरा धरून आलेला माणूस हातपाय धुताधुता विचारतो, "हिंदमाताचं पाणी उतरलं का बे?" विचारणाऱ्याने दादर कधी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. त्याच पावसात आमचा नाला पुलावरून वाहतो, दूध पलीकडे अडकतं, शाळेला न सांगता सुट्टी होते. त्याची बातमी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका हलत्या व्हिडिओतून येते आणि दुसऱ्या दिवशी पेपरच्या जिल्हा पुरवणीत चार ओळी, त्याही वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या खाली.

आपण टीव्हीवर यायचे मोसम ठरलेले आहेत. मे महिन्यात पारा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ही नावं बाकी राज्याच्या कानावर तेव्हाच पडतात. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन. १९५३च्या नागपूर करारामुळे ते इकडे भरतं, पण पडद्यावर दिसतात त्या विधानभवनाच्या पायऱ्या, फलक धरून उभे राहिलेले आमदार आणि संध्याकाळी सावजी खाऊन नाक पुसणारे मुंबईचे पाहुणे. अधूनमधून वाघ. आणि आत्महत्या, ज्यांचा आता फक्त आकडा येतो, गावाचं नाव येत नाही.

पाऱ्याचीसुद्धा गंमत आहे. २०२४च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले. झालं! जिकडे तिकडे ५६. मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरमध्ये बिघाड होता. नागपूरची सर्वांत जास्त नोंद ४७.९ अंशांची आहे, २३ मे २०१३ची. तेवढ्या उन्हात माणूस भाजत नाही असं वाटलं की काय या वाहिन्यांना?

आता खाण्याचं. पुण्या-मुंबईचे नातेवाईक आले की विचारतात, "तुम्ही लोक बाहेर जेवायला कुठे जाता?" आम्ही बाहेर जेवायला जात नाही, बाजाराला जातो. बाजाराच्या दिवशी आलूबोंडा आणि त्यावर तर्री, भजे आणि सोबत तळलेली मिरची, घरी न्यायला जिलेबीचा पुडा. हे पोट भरायचं खाणं नाही, भाकर घरी आहेच. पण मला लागणारी खरी बातमी तिथे मिळते. आज सीसीआयच्या (कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर ओलाव्याचं मशीन किती दाखवते, हे कोणता चॅनल सांगणार आहे? ८ टक्क्यांच्या वर गेलं की भावात कपात, १२च्या वर गेलं की गाडी परत. हे बोंडा खाणारा शेजारी सांगतो, तोही नुकता केंद्रावरून खाली हात हलवत आलेला असतो, त्यामुळे तपशिलासकट सांगतो. कोणत्या जिनात (सरकी काढायच्या कारखान्यात) खाजगी भाव काय फुटला, कोणाच्या गाडीला रांगेत रात्र काढावी लागली, तुरीवर कोणती फवारणी लागू पडली, सगळं त्या बाकड्यावर.

टीव्हीवरची बातमी दुसऱ्याची आणि बाकड्यावरची आपली, असं माझं मत झालं आहे. तुमच्याकडे कसं आहे? टीव्हीवर काय बघता, बाहेरचं काय खाता, शहरात असाल तर तिकडचंही लिहा.

पुण्यातला_दारव्हेकर

काळीमाती भाऊ, अर्धं पटलं. हिंदमाताचं मात्र मी दुसऱ्या बाजूने सांगतो.

माझे बाबा दारव्ह्याजवळच्या गावात असतात. हिंजवडीच्या रस्त्यावर पाणी साचलं की मी ऑफिसातून निघायच्या आधी त्यांचा फोन येतो, "वाकडच्या पुलाकडून जाऊ नको, जाम हाय तठी." मोबाइलवरचा नकाशा मागाहून लाल होतो, बाबा आधी. चांदणी चौक, नवले पूल, कात्रजचा बोगदा, सगळं त्यांना पाठ. आमच्या आळीतली पोरं कोणी चाकणला कंपनीत, कोणी भोसरीला, कोणी ठाण्याला गोदामात. त्यांच्या मायबापांना टीव्हीतल्या शहराशी काही देणंघेणं नाही असं कसं म्हणता? त्यांचं पोरगं त्या पाण्यात उभं असतं. गावात बसून हिंदमाताची चौकशी करणाऱ्या त्या माणसाला विचारून बघा, त्याचा कोणीतरी मुंबईत निघेल.

तक्रार असेल तर उलट्या बाजूने आहे. मला माझ्या गावाची खबर टीव्हीवर मिळत नाही. २०१७ला बोंडअळीने पराटी खाल्ली तेव्हा मला ते आईच्या फोनवरच्या आवाजावरून कळलं. ती म्हणत होती सगळं बरं आहे. फवारणीत विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात माणसं गेली, तेव्हा कुठे दोन-चार दिवस यवतमाळ पडद्यावर होतं. मग पुन्हा नाही.

मी स्वतः टीव्ही पाहत नाही. घरात आहे, त्याच्यावर मुलीची कार्टून चालतात.

शहरातलं बाहेर खाणं विचारलंत म्हणून: शनिवारी संध्याकाळी हॉटेलच्या दारात नाव लिहायचं आणि फुटपाथवर उभं राहायचं. आपलं नाव पुकारलं की दवाखान्यात नंबर लागल्यासारखं आत पळायचं. शेजारच्या टेबलावर कोण आहे ते बघायचं नसतं. आपण उठायची वाट बघत चार माणसं दारात उभी आहेत, हे वेटर बिल न मागता आणून ठेवतो त्यावरून कळतं. "विदर्भ स्पेशल सावजी" अशा पाट्या इकडेही आहेत. सावजी हे नागपुरातल्या कोष्टी विणकरांच्या घरचं रांधणं. जवसाचं तेल, भाजून काळपट केलेला मसाला, तिखट जिभेवर नाही तर कानामागे लागतं. इकडे वर तेल तरंगलं आणि तोंड पोळलं की सावजी झाली असं समजतात. रंग टाकलेला असतो हे रुमालावरून कळतं.

सोयाबीन_ताई (आर्वीकडची)

दोन्ही भाऊंनी छान लिहिलं. एक विचारू का? त्या बोंड्याच्या बाकड्यावर बाया किती बसतात?

माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे बाजाराला पुरुष जायचे. तिथे गरम भजे खायचे आणि घरी पुडा आणायचे. तो पुडा घरी येईपर्यंत कागदाला तेल सुटून भजे गार. आमची बाहेरची खाण्याची चव ती, गार भज्याची. बाई बाजारात गेलीच तर भाजीवर नजर, पिशवी हातात, लेकरू कडेवर, आणि हॉटेलात बसली तर गावभर चर्चा.

हे बदललं ते तिकिटामुळे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये ७५च्या वरच्या म्हाताऱ्यांना फुकट झालं होतं, त्यामुळे माझी सासू पंढरपूर, शेगाव, माहूर करून आली आणि आम्ही घरातच. मग आमची पाळी आली. बचत गटाचं बँकेचं काम असलं की आम्ही पाच-सहा जणी आर्वीला जातो, आणि काम झालं की हॉटेलात बसतो. सुरुवातीला कोपऱ्यातलं टेबल, भिंतीकडे तोंड. आता पंख्याखालचं.

आणि काय खातो? डोसा! शहरातले लोक इकडे येऊन झुणका-भाकर, चुलीवरचं, पाटवडीचा रस्सा शोधत फिरतात. ते आम्ही रोज करतो, त्याचे पैसे कोण देणार? डोसा घरी तव्याला चिकटतो, तिथे एका हाताने पसरवतात ते बघायलाच आवडतं. गटातली एक जण म्हणते, मला डोसा नाही आवडत, पण ताट दुसऱ्याने उचलून नेलेलं आवडतं.

ढाब्याचं तर बोलूच नका. आमचा वर्धा जिल्हा १९७०च्या दशकापासून दारूबंदीचा. त्यामुळे वर्धा नदी ओलांडली की पलीकडे ढाबेच ढाबे. माणसं "जेवायला" जातात ते तिकडे. बाईने तिथे जायचा प्रश्नच नाही, पाटीवर फॅमिली लिहिलं असलं तरी.

टीव्हीचं सांगते. मालिका सातपासून, आणि आमचा स्वयंपाकही सातपासून. निंदण करून आलेली बाई चुलीपाशी, टीव्ही पुढच्या खोलीत. आम्ही मालिका ऐकतो. सासू बघते आणि मध्ये मध्ये ओरडून सांगते, "आली, आली, ती आली!" कोण आली ते आवाजावरून ओळखायचं. त्या घरांत कधी सिलेंडर संपत नाही, धुऱ्यावरून भांडण होत नाही, आणि कोणालाही सकाळी कामावर जायची घाई नसते. तरी ऐकते. का ऐकते ते सांगता येत नाही.

शंकाखोर

तुम्ही सगळे गावाला फारच गोड करून सांगून राहिले. आमच्या तालुक्याला या. बाजारात बोंड्याच्या दुकानापेक्षा जास्त गर्दी चायनीजच्या गाडीवर आहे. मंचुरियन, शेजवान राइस, आणि आता मोमो. पोट्टे बोंड्याकडे बघतही नाहीत. रात्री बारा वाजता चौकात मोटारसायकलवर केक ठेवून कापतात आणि तो व्हिडिओ स्टेटसला. कसलं बाकडं आणि कसला ओलावा.

बातम्यांचंही तसंच. टीव्हीवर आपण येत नाही म्हणून रडता, पण प्रत्येक तालुक्यात चार-पाच यूट्यूबवाले माइक घेऊन फिरत आहेत ते दिसत नाही? नाल्याला पूर आला की तलाठ्याच्या आधी ते हजर. त्यातले दोन चांगले आहेत, खरंच मेहनत घेतात. बाकीच्यांची बातमी दिवाळीत जाहिरात दिली की गोड आणि नाही दिली की कडू. सरपंचाला विचारा.

काळीमाती

शंकाखोर, चायनीजच्या गाडीवर मीही उभा राहतो, त्यात लपवण्यासारखं काय आहे. पण तिथे ओलाव्याची बातमी मिळत नाही हे खरं, कारण तिथे उभं राहून खातात आणि जो तो मोबाइलमध्ये.

ताईंचा प्रश्न मात्र बसला. आमच्या बाजारात दोन हॉटेलं डोळ्यापुढे आणली. बाया पार्सल घ्यायला उभ्या असतात. बसलेल्या आठवत नाहीत.

कँटीनवाला (कारंजा घाडगे)

सगळ्याईले रामराम. मी जुन्या नागपूर-अमरावती रोडवर कँटीन चालवतो, म्हनून दोन गोष्टी सांगतो.

पयली टीव्हीची. म्या हौसेनं कँटीनीत टीव्ही लावला होता. लोकं बातम्या पायत बसत अन् एका कट चहावर दोन-दोन घंटे बाकडं अडवत. इलेक्शनची चर्चा लागली का दोन पार्ट्या पडत. एकानं तं बशी आपटली, माहा चहाचा गंज (पातेलं) थोडक्यात वाचला. मंग एक दिवस रिचार्ज सरला अन् म्या भरलाच नाई. कोनी इचारलंबी नाई का बाबा टीव्ही काहून बंद हाय. क्रिकेटची मॅच असली तं पोट्टे मोबाइल पान्याच्या जगाले टेकून पायते, तेवढंच.

दुसरी रोडची. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी पट्टा ११ डिसेंबर २०२२ले सुरू झाला अन् जून २०२५ मंदी पुरा ७०१ किलोमीटर झाला. ज्याले मुंबई-नाशिकले जायाचं तो आता तिकून वरच्यावर जाते. त्याईले माह्या पोह्याचा वास कसा येईन? पयले रात्रीच्या ट्रॅव्हल्स थांबत, पोरं झोपेतून उठून चहा मागत. आता येष्टीवाले, अमरावतीवाले, संत्र्याच्या गाड्या अन् गावातले. धंदा चालते, पन रात्रीचा गेला. समृद्धीवरून आलेला एक साहेब सांगत होता का लोकं आता घरून डबा बांधून निघते. घ्या! एवढा मोठा रोड अन् डब्यातली पोई.

सोयाबीन ताई, माह्या कँटीनीत बाया बसते. अर्ध्या तिकिटापासून सकायची गर्दी बायाईचीच हाय. त्या उधारी ठेवत नाई अन् बाकडं अडवून बसत नाई. म्या त्याईच्यासाठी एक पंखा नवा लावला.

पुण्यातला_दारव्हेकर

कँटीनवाले दादा, तर्री कशी करता तेवढं सांगा ना. इथे घरी करतो तर रस्सा होतो, तर्री होत नाही.

कँटीनवाला

सांगतो, धंद्याचं गुपित असं काई नाई त्यात.

काया हरभरा रात्रीच भिजू घालाचा. सकायी चार वाजता शिजाले लावतो. कांदा अन् सुकं खोबरं भाजून घ्या, काया डाग पडेपावतर. लसन-आलं बरोबर ठेवा, थोडी खसखस, धने, गरम मसाला, सगळं बारीक वाटा. तेल जास्तच लागते, हात आखडला तं तर्री येतच नाई. वाटन तेल सुटेपर्यंत परता. तिखट टाकाच्या आंधी आच कमी करा, नाईतं तिखट जयते अन् तर्री काई लाल येत नाई, कायी पडते. मंग हरभरा अन् त्याचंच पानी. पानी उकयतंच टाका. थंडं टाकलं का तेल फाटते, वर येत नाई. तुमचा रस्सा होते तो याच्यानंच होत असन.

अन् पोहे? ते कोरडे खाऊ घालाचे नाई. खाली उकयत्या पान्याचा गंज, वर पोह्याचं भगोनं, वाफेवर राह्यले पायजे. वरून तर्री, हरभरा, बारीक कांदा, सांबार (कोथिंबीर), लिंबू. शेव ज्याले पायजे त्याले. कोनी कोनी टमाटरबी मांगते, म्या देतो पन मले पटत नाई.

पैनगंगाकाठ (बुलढाणा)

शेगाव स्टेशनावर गाडी थांबली आणि कचोरी न घेता पुढे गेलेला माणूस मी तरी पाहिला नाही, ती आमच्याकडची बाहेरची खाण्याची पहिली आठवण. पण मला वाटतं तुम्ही सगळे हॉटेलात अडकलात. आपल्याकडचं खरं बाहेरचं जेवण म्हणजे वावरातले रोडगे. नवस फिटला, पोराची नोकरी लागली, नाहीतर काही कारणच नाही, चार घरं मिळून देवळाजवळ नाहीतर विहिरीपाशी जायचं. गव्हाची जाडसर भरड, तिला तेलाचं मोहन, एकात एक तीन-चार पदर घालून गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या आरात भाजायचा. वरून राख झटकून तो फोडला की आतले पदर सुटे होतात. त्यावर वरण, आणि गंजभर वांग्याची भाजी. पळसाच्या पानांमध्ये थापून भाजलेले पानगे, ते वेगळे. आणि हे सगळं पुरुष करतात बरं का. बाईला त्या दिवशी चुलीपाशी जावं लागत नाही.

सोयाबीन_ताई

रोडगे पुरुष भाजतात, मान्य. वांगी कोण चिरतं? पीठ कोण मळतं? गोवऱ्या कोणी थापलेल्या असतात? आणि दुसऱ्या दिवशी तो राखेचा गंज कोण घासतं, दादा?

पैनगंगाकाठ

ताई, विहिरीपाशी घासतो आम्ही. वरवरचा.

शंकाखोर

वरवरचा. 😄

वडसाकर (देसाईगंज)

चर्चा कापसाच्या पट्ट्यातच फिरून राहिली म्हणून धानपट्ट्यातून लिहितो.

टीव्ही आला, मोबाइल आला, तरी आमच्याकडे दिवाळीनंतर रात्री माणूस घरात सापडत नाही. झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या या धानपट्ट्याचं नाटक. वडशात (म्हणजेच देसाईगंजात) नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत, गावोगावची मंडळं येऊन तारखा धरतात. भाऊबीजेपासून मंडई (गावोगावची जत्रा) सुरू होते आणि होळीपर्यंत हंगाम चालतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, कोणत्याही रस्त्याने रात्री निघालात तर मंडपाचे दिवे दिसतीलच. दहा-अकराला पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत चालतं. खाली जमिनीत खड्डा करून त्यात वाद्यवाले बसतात, वर नट. माइक वरून टांगलेले. पहिल्या रांगेत गादीवर बसून मूल कडेला झोपवणाऱ्या बाया आणि मागे खुर्च्यांवर नोकरदार. सोयाबीन ताई, इथे बाया स्वयंपाक आधी उरकून येतात आणि नाटक ऐकत नाहीत, बघतात.

घरोघरी पाहुणे. मंडईच्या निमित्ताने सोयरे येतात, पोरी-पोरं दाखवली जातात, उन्हाळ्यातली लग्नं इथे जुळतात. दिवसा शंकरपट (बैलांची शर्यत) असेल तर आणखी गर्दी. मध्ये पटावर कोर्टाची बंदी होती, मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा कायम ठेवला तेव्हापासून पट पुन्हा निर्धास्त भरतात.

काळीमाती भाऊ, तुमच्या त्या "आपली बातमी"बद्दल. आमच्या नाटकात विनोदी नट गावात आला की आधी चहाच्या टपरीवर बसतो. कोणाची मोटर चोरीला गेली, कोणत्या रस्त्याचं काम अडलं, निवडणुकीत कोण दोनदा पडला, हे विचारून घेतो आणि रात्री तेच बोलतो. सरपंच पहिल्या रांगेत बसून ऐकतो, हसावंच लागतं. हे पुस्तकात लिहिलेलं नसतं, दर गावात बदलतं. त्या एका प्रवेशासाठी माणसं झोप आवरून बसतात. २०२३मध्ये झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी हजारो रात्री अशाच मंडपांत काढल्या आहेत.

टीव्हीवर मात्र वऱ्हाडी नाहीतर झाडीचं बोलणारं माणूस आलं की ते हसवायलाच आलेलं असतं. नायक कधी असं बोलत नाही. आमच्या मंडपात राजा, खलनायक, पोलीस, विनोदी नट, सगळे याच मातीतले, त्यामुळे कोण हसवणार हे बोलीवरून कळत नाही.

पुण्यातला_दारव्हेकर

वडसाकर, हे मी कधी पाहिलेलं नाही याची लाज वाटते. आम्ही यवतमाळवाले झाडीपट्टीकडे पाठ करूनच जगलो. इथे पुण्यात नाटकाला गेलो तर साडेबारा-एकला घरी. मध्यंतरात वडा, तोही रांगेत.

काल बाबांना विचारलं, तुम्ही बातम्या कशासाठी बघता? म्हणाले, "तुह्या गावचं काय चालू हाय ते पायतो." माझं गाव म्हणजे त्यांना वाकड वाटतं.

काळीमाती

दारव्हेकर, तुमचं आधीचं वाचून मीही त्या हिंदमातावाल्याला विचारलं. त्याचा भाचा परळला एका दवाखान्यात वॉर्डबॉय आहे. हे मला माहीत नव्हतं, गावात इतकी वर्षं राहून. म्हणजे बाकड्यावर सगळं कळतं हा माझा दावा तेवढा सैल करावा लागेल, पण ओलाव्याच्या मशीनवर मी ठाम आहे. आज बाजारात ऐकलं, केंद्रावर १४ दाखवून दोन गाड्या परत केल्या. कापूस अंगणात पसरून उन्हात वाळवा आणि मगच भरा, ज्यांचा यायचा आहे त्यांनी.

वडसाकर, तुमच्याकडे यायचं मनात आहे. नागपूरहून कसं यायचं?

वडसाकर

नागपूरहून बस धरा: उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, मग वडसा. रेल्वेने यायचं तर गोंदिया-बल्लारशा मार्गावर वडसा स्टेशन आहे, पण नागपूरवरून गोंदियाला जाऊन फिरून यावं लागेल. बसच बरी. वडशात उतरून कोणालाही विचारा आज नाटक कुठे आहे, आजूबाजूच्या गावांची नावं चहावालाच सांगेल. धान कापणी झाल्यावर या, डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा थंडी आहे, मंडप दोन बाजूंनी उघडा असतो, घोंगडी किंवा शाल आणजा. पहिल्या रांगेतल्या गादीचं तिकीट आधी काढून ठेवतो, किती जण ते सांगा.

सोयाबीन_ताई

आमचा गट धरा. सहा जणी, कदाचित सासूही, एसटीत तिचं तिकीट फुकट आणि आमचं अर्धं. शाली आणतो. नाटक पहाटे सुटल्यावर नाश्ता कुठे मिळेल तेवढं सांगून ठेवा, आणि तिथे बाया बसतात का?

वडसाकर

मंडपाबाहेरच रात्रभर भट्टी पेटलेली असते. भजे, मुंगवडे, जिलेबी, चहा. बसायला फाऱ्या टाकलेल्या असतात, कोणी कुठेही बसतं. गरमच मिळतील.

कँटीनवाला

तारीख सांगजा. मीबी येतो. एक रात्र कँटीन पोट्टा पाहीन.